दोघी जोडीदार आणि सोबत आई : खोटे नाते न सांगता राहता येईल असा समुद्रकिनारा कोणता?

इंदिरानगरकर (प्रश्न)

नमस्कार. मी आणि माझी जोडीदार गेली नऊ वर्षे नाशिकमध्ये एका घरात राहतो. ती माध्यमिक शाळेत शिक्षिका आहे आणि मी अंबडच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात गुणवत्ता तपासणीचे काम करते. सोसायटीत आम्हाला सगळे मावसबहिणी म्हणून ओळखतात. हे नाते आम्ही शोधून काढलेले नव्हते. घर भाड्याने घेताना दलालाने ते मालकांना परस्पर सांगितले आणि पुढे ते खोडण्याचे धाडस आम्हाला झाले नाही. तिच्या आईला, ज्यांना मी काकू म्हणते, आम्ही चार वर्षांपूर्वी सगळे सांगितले. पहिले वर्ष फार अवघड गेले. आता मात्र त्या वर्षातील निम्मा काळ आमच्याकडे राहतात आणि माझ्या डब्याची काळजी स्वतःच्या मुलीच्या डब्यापेक्षा जास्त करतात.

काकू सहासष्ट वर्षांच्या आहेत. त्यांनी समुद्र आयुष्यात एकदाच, गणपतीपुळ्याला, देवदर्शनाच्या घाईत पाहिला आहे. या दिवाळीच्या सुट्टीत तिघींनी सात-आठ दिवस समुद्राकाठी राहावे, असे आम्ही ठरवले आहे. दोन वर्षांपूर्वी आम्ही दोघी एका किनाऱ्यावरील हॉटेलात गेलो होतो. काउंटरवरील गृहस्थांनी आधार कार्डे उलटसुलट करून पाहिली, आडनावे वेगळी दिसल्यावर आम्ही एकमेकींच्या कोण लागतो असे विचारले, आणि सवयीने माझ्या तोंडून ‘मावसबहीण’ हाच शब्द निघाला. त्यानंतर दोन दिवस त्या पुळणीवर आम्ही एकमेकींचा हातही धरला नाही, कारण बोललेले निभावावे लागत होते. काकूंसमोर मला ते पुन्हा करायचे नाही. ज्यांनी आम्हाला स्वीकारायला एवढे कष्ट घेतले, त्यांच्यादेखतच आम्ही स्वतःला नाकारावे, हे मला सहन होणार नाही.

इंटरनेटवर समलिंगी प्रवाशांसाठी किनाऱ्यांच्या पुष्कळ याद्या मिळतात. परंतु त्यांपैकी बहुतेक पुरुषांसाठी, तरुणांसाठी आणि रात्रीच्या पार्ट्यांसाठी लिहिलेल्या आहेत. आम्हाला बार नको आहेत. शांत पाणी, शाकाहारी जेवण, फार चढउतार नसलेली जागा आणि आमचे नाते ऐकून चेहरा न बदलणारी माणसे एवढेच हवे आहे. तिघींचे मिळून साडेतीन ते चार लाखांपर्यंत खर्च करण्याची तयारी आहे. देशात जावे की परदेशात, याबद्दलही कृपया अनुभवाचे सांगावे.

सहल_नियोजक_कॉलेजरोड

ताई, मी नाशिकमध्ये गेली चौदा वर्षे सहलींचे नियोजन करतो आणि त्यांत समलिंगी जोडपीही असतात. माझा अनुभव असा की ‘अनुकूल ठिकाण’ या शब्दांत तीन वेगवेगळ्या गोष्टी मिसळल्या जातात : त्या देशाचा कायदा काय म्हणतो, हॉटेलचा माणूस कसा वागतो आणि किनाऱ्यावरचे लोक कसे पाहतात. तिन्ही एका ठिकाणी क्वचितच जुळतात. आई सोबत असल्यामुळे तुम्ही पहिल्या दोन गोष्टींवर तडजोड करू नये, असे मला वाटते.

कायद्याच्या दृष्टीने आपल्या जवळचे सर्वांत पुढे गेलेले किनाऱ्याचे ठिकाण थायलंड आहे. तेथे २३ जानेवारी २०२५ पासून समलिंगी विवाह कायदेशीर झाला आणि आग्नेय आशियात असे करणारा तो पहिला देश ठरला. याद्यांमध्ये फुकेतमधील पातोंग आणि पट्टायाजवळच्या जोमतिएन भागातील दोंगतान किनारा यांची नावे नेहमी येतात. दोन्ही ठिकाणी गजबज आहे, त्यामुळे ती तुमच्या कामाची नाहीत. त्याच फुकेत बेटावर काता, करोन आणि नाय हार्न हे त्यामानाने निवांत किनारे आहेत आणि तिथल्या हॉटेलांना दोन स्त्रियांनी एक पलंग मागण्यात काही विशेष वाटत नाही. मुंबईहून फुकेतला थेट विमाने आहेत. प्रवेशापूर्वी डिजिटल आगमन पत्र भरणे १ मे २०२५ पासून सक्तीचे झाले आहे. व्हिसाच्या सवलतीचा नियम मात्र मधूनमधून बदलतो, म्हणून तिकीट काढण्याच्या दिवशीच तो तपासावा.

थायलंडबाबत दोन गोष्टींचा विचार करावा लागेल. पहिली हवामानाची. फुकेतच्या बाजूला मे ते ऑक्टोबर पावसाळा असतो, समुद्र खवळलेला असतो आणि किनाऱ्यावर लाल निशाण लागलेले असताना पाण्यात उतरणे जिवावर बेतू शकते. दिवाळी ऑक्टोबरमध्ये आली तर हा काळ पुरता संपलेला नसतो, नोव्हेंबरमध्ये आली तर बहुधा संपलेला असतो. कोह सामुईच्या बाजूला याच्या उलट आहे. तेथे नोव्हेंबर हाच सर्वांत ओला महिना. दुसरी गोष्ट जेवणाची. तिथे भाजीच्या पदार्थातही माशाचा रस घालतात, त्याला ‘नाम प्ला’ म्हणतात. शुद्ध शाकाहारासाठी ‘जे’ हा शब्द लक्षात ठेवावा. पिवळ्या कापडावर लाल अक्षरात तो लिहिलेला असेल त्या दुकानात मासळी किंवा मांस नसते, कांदा-लसूणही नसते.

बाली अनेकांना आवडते आणि सेमिन्याक भागात समलिंगी प्रवाशांचा राबता जुना आहे. पण डिसेंबर २०२२ मध्ये संमत झालेली आणि जानेवारी २०२६ पासून लागू झालेली इंडोनेशियाची दंडसंहिता विवाहबाह्य संबंधांना गुन्हा ठरवते. तक्रार करण्याचा अधिकार फक्त पती-पत्नी, आई-वडील किंवा मुले यांनाच आहे, म्हणून परदेशी प्रवाशाला प्रत्यक्ष झळ लागण्याचा संभव कमी आहे, असे म्हणता येईल. तरीही जिथे सुटीचा आनंद ‘कोणी तक्रार करणार नाही’ यावर अवलंबून आहे, ते ठिकाण मी आईसोबतच्या प्रवासासाठी सुचवणार नाही. व्हिएतनाममध्ये समलिंगी संबंध गुन्हा नाहीत आणि २०१५ पासून समलिंगी विवाहसोहळ्यावरील बंदीही उठली आहे, जरी अशा विवाहाला मान्यता मिळालेली नाही. मात्र तुमच्या दिवसांत दा नांगला जोराचा पाऊस असतो. स्पेनमधील सिजेस किंवा ग्रीसमधील मिकोनोस यांची नावे कितीही मोठी असली, तरी नोव्हेंबरात तिथे पाण्यात उतरण्याजोगे वातावरण नसते.

माझ्या मते तुम्ही मॉरिशसचा गंभीरपणे विचार करावा. तेथे जाऊन आलेल्या एक सदस्या येथे आहेत, त्या सविस्तर लिहितील तर बरे होईल.

सातपूर_१९८८

मालदीव का नको? नाशिकहून गेलेली किती तरी जोडपी तिथले फोटो टाकतात, आणि पाण्यावरच्या खोल्यांत कोणी काही विचारत नाही असे ऐकले आहे.

सहल_नियोजक_कॉलेजरोड

रिसॉर्टच्या बेटावर कदाचित विचारणार नाहीत. पण मालदीवच्या दंडसंहितेनुसार समलिंगी संबंधांना आठ वर्षांपर्यंत कैद आहे, आणि रिसॉर्टचे बेट म्हणजे वेगळा देश नव्हे. मलेशियातील लंकावीला हीच अडचण आहे. तिथे शिक्षा वीस वर्षांपर्यंत जाते. श्रीलंकेतही ब्रिटिश काळातील कलमे ३६५ आणि ३६५-अ दंडसंहितेत आहेत. ही तीन ठिकाणे विमानाने जवळ आणि दिसायला सुंदर आहेत, म्हणून ती सहज सुचवली जातात. मी स्वतः विचारणाऱ्याला कायदा आधी सांगतो आणि मग निर्णय त्याच्यावर सोपवतो.

देवळालीचा_वाटसरू

मी आणि माझा जोडीदार अकरा वर्षे एकत्र आहोत आणि दरवर्षी कोकणात किंवा गोव्यात जातो, म्हणून देशातल्या किनाऱ्यांबद्दल लिहितो. सर्वप्रथम कायदा स्पष्ट असावा. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ मधून प्रौढांचे संमतीने असलेले संबंध वगळले, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते कलमच नाही. त्या निकालात न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा यांनी लिहिले की, या समाजाची आणि त्यांच्या कुटुंबीयांचीही माफी मागणे इतिहासाला लागते. ‘कुटुंबीयांचीही’ हा शब्द मला तेव्हा विशेष जाणवला नव्हता. तुमच्या काकूंबद्दल वाचताना तो आठवला.

हॉटेलपुरते बोलायचे तर अविवाहित दोघांनी एका खोलीत राहण्यास मनाई करणारा कोणताही कायदा देशात नाही. डिसेंबर २०१९ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने कोइमतूरच्या एका प्रकरणात हे स्पष्ट शब्दांत सांगितले आहे. परंतु समलिंगी जोडप्याला खोली नाकारणाऱ्या खासगी हॉटेलवर कारवाई होईल, असाही कायदा नाही. म्हणजे आपले राहणे गुन्हा नाही, आणि आपल्याला नाकारणे हाही गुन्हा नाही. या मोकळ्या जागेत सगळा भार काउंटरवरच्या माणसाच्या स्वभावावर पडतो.

कोकणात दोन पुरुषांना किंवा दोन स्त्रियांना खोली मिळायला फारशी अडचण येत नाही. स्त्री-पुरुष अविवाहित जोडप्याला जेवढी येते त्याहून कमीच येते. पण याचे कारण असे की आपण जोडपे आहोत, हे त्यांच्या ध्यानातच येत नाही. मी पहिली पाच वर्षे यालाच सोय समजत होतो. नंतर लक्षात आले की घरगुती निवासात राहिलो की दुसऱ्या दिवशी सोलकढी वाढताना घरच्या मावशी मायेने विचारतातच, की लग्न कधी करणार, मुली पाहणे चालू आहे की नाही. त्या प्रश्नात संशय नसतो, आपुलकीच असते, आणि आपुलकीला खोटे उत्तर देणे संशयाला उत्तर देण्यापेक्षा जड जाते.

म्हणून आता मी पैसे भरण्याआधी मालकांना फोन करून सरळ सांगतो की आम्ही दोघे पुरुष आहोत, जोडीदार आहोत, आम्हाला एक मोठा पलंग हवा आहे. काहींनी खोली रिकामी नसल्याचे सांगितले. एकाने फोन ठेवला. वेंगुर्ल्याकडच्या एका मालकांनी क्षणभर थांबून विचारले की मासे खाता ना, आणि गेली चार वर्षे आम्ही त्यांच्याकडेच उतरतो. त्यांच्या घरामागे सुरूचे बन आहे आणि ओहोटीच्या वेळी पुळण इतकी रुंद होते की सकाळी तासभर चालले तरी दुसरे माणूस भेटत नाही. तुम्ही कोकण निवडलेत तर मालवण-वेंगुर्ले पट्ट्यात असे चार-पाच फोन करावेत. मात्र दिवाळीत तारकर्ली आणि गणपतीपुळे ओसंडून वाहत असतात, हे लक्षात ठेवावे.

गोव्यात हे फोन कमी करावे लागतात. उत्तरेला मांद्रे आणि आश्वे, दक्षिणेला आगोंद, पाळोळे आणि पाटणे येथील छोट्या हॉटेलांना देशोदेशीच्या पाहुण्यांची सवय आहे. काकूंसाठी मी दक्षिण गोवा सुचवीन. पाळोळ्याची खाडीसारखी वळलेली किनारपट्टी उथळ आहे आणि गुडघाभर पाण्यात बसून राहता येते. नाशिक रोडहून मंगला एक्स्प्रेसने थेट मडगावला उतरता येते, त्यामुळे विमानाची किंवा मुंबईच्या वाहतुकीची काळजी नाही. आरक्षण आता साठ दिवस आधी उघडते, त्या दिवशी सकाळीच तिकीट काढावे. गोव्यातही सगळे स्वर्गासारखे आहे असे मी म्हणणार नाही. हॉटेलच्या आवारात मोकळीक असते. पण शनिवार-रविवारी गर्दीच्या किनाऱ्यावर देशी पर्यटकांचे टोळके मोबाइल रोखून चित्रण करते, हे आम्ही दोनदा अनुभवले आहे. एकदा मी जाऊन चित्रफीत पुसायला लावली, दुसऱ्या वेळी आम्ही उठून निघून आलो.

नाशिकरोड_निवासी

मी पारलिंगी (ट्रान्सजेंडर) स्त्री आहे. ताईंच्या प्रश्नात आमचा थेट उल्लेख नसला, तरी हा धागा वाचणाऱ्यांत आमच्यापैकीही असतील, म्हणून कागदपत्रांबद्दल लिहिते.

वरील प्रतिसादात म्हटले आहे की नाकारणे गुन्हा नाही. पारलिंगी व्यक्तींबाबत मात्र कायदा थोडा पुढे आहे. पारलिंगी व्यक्तींची ओळख मान्य करणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या १५ एप्रिल २०१४ च्या नालसा निकालानंतर २०१९ चा पारलिंगी व्यक्ती हक्क संरक्षण कायदा आला, आणि त्याचे तिसरे कलम सार्वजनिक वापराच्या सेवा व निवास देताना भेदभाव करण्यास मनाई करते. मला एका किनाऱ्यावरील हॉटेलात, बुकिंगचा संदेश हातात असताना, माझा आवाज ऐकल्यावर खोल्या भरल्याचे सांगण्यात आले होते. मी त्या कलमाची छापील प्रत बॅगेत ठेवत असे. ती काढून काउंटरवर ठेवल्यावर व्यवस्थापकांना बोलावण्यात आले आणि खोली मिळाली. रात्री झोप लागली नाही हे खरे, पण खोली मिळाली.

परदेशी जाताना तिकिटावरील नाव आणि लिंग पासपोर्टशी जुळलेच पाहिजे. आपल्या पासपोर्टवर तिसरा पर्याय आहे, पण अनेक संकेतस्थळांवर तिकीट काढताना दोनच पर्याय दिसतात. अशा वेळी विमान कंपनीला आधी ई-मेल लिहून तिचे उत्तर सोबत ठेवावे. सुरक्षा तपासणी बंद खोलीत करावी, अशी विनंती करता येते आणि ती शांतपणे पण ठामपणे करावी. संप्रेरकांची औषधे मूळ वेष्टनात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्यावीत. विमान बदलण्याचे ठिकाणही पाहावे. दुबई आणि दोहा येथून स्वस्त जोड-विमाने मिळतात, पण संयुक्त अरब अमिरात आणि कतार येथे समलिंगी संबंध गुन्हा आहेत, आणि विमान चुकून रात्र शहरात काढावी लागली तर आपण त्या कायद्याखाली येतो.

थायलंडबद्दल एक भाबडी समजूत आहे की तिथे पारलिंगी व्यक्तींना सगळे मिळाले आहे. रस्त्यावर, दुकानांत, हॉटेलांत त्या सन्मानाने काम करताना दिसतात, हे मी स्वतः पाहिले आणि तिथे मला कोणी वळून पाहिले नाही, याचा आनंद शब्दांत सांगता येणार नाही. परंतु कागदोपत्री लिंग बदलण्याची सोय तिथल्या कायद्यात नाही. आपल्याकडे जिल्हाधिकाऱ्यांकडून ओळखपत्र मिळते, समाज मात्र मागे आहे. तिथे उलट आहे.

गंगापूररोडवरून

माझे नाव घेतले गेले म्हणून लिहिते. मी आणि माझी जोडीदार गेल्या वर्षी ऑक्टोबरच्या अखेरीस मॉरिशसला आठ दिवस राहून आलो. मुंबईहून थेट विमान साधारण सहा तासांचे आहे आणि भारतीय पर्यटकांना व्हिसा आधी काढावा लागत नाही. परतीचे तिकीट आणि राहण्याच्या जागेचा पुरावा दाखवावा लागतो. तिथले घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे, त्यामुळे वयस्कर माणसाच्या झोपेचे वेळापत्रक बिघडत नाही. वादळांचा जोर जानेवारी ते मार्च असतो, म्हणून तुमची दिवाळीची वेळ योग्य आहे.

कायद्याचे सांगते. मॉरिशसच्या दंडसंहितेचे कलम २५० हे आपल्या ३७७ चे भावंडच होते. ४ ऑक्टोबर २०२३ रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरते ते घटनाबाह्य ठरवले आणि हे कलम मॉरिशसच्या जनतेच्या इच्छेतून आलेले नसून वसाहतीच्या काळात लादलेले आहे, असे नमूद केले. त्याही आधी, २००८ च्या समान संधी कायद्यात लैंगिक कलाचा (कोणाबद्दल ओढ वाटते याचा) समावेश झाला होता आणि तो नोकरीबरोबरच निवास आणि सेवा यांनाही लागू आहे. म्हणजे वाटसरूंनी वर ज्या मोकळ्या जागेबद्दल लिहिले, ती तिथे कायद्याने भरलेली आहे. समलिंगी विवाहाला मात्र तिथे मान्यता नाही, आणि २०१८ मध्ये राजधानी पोर्ट लुईमधील समलिंगी समाजाची अभिमान मिरवणूक (प्राइड) विरोधामुळे रद्द करावी लागली होती, हेही माहीत असावे.

आम्ही पश्चिम किनाऱ्यावर फ्लिक-आं-फ्लाक येथे उतरलो. या बेटाभोवती जवळपास सर्व बाजूंनी प्रवाळाची भिंत आहे. मोठ्या लाटा तिथेच फुटतात आणि आतले पाणी तळ्यासारखे शांत राहते. काकूंना पोहता येत नसेल तरी त्या निर्धास्त उतरू शकतील, फक्त पायांत रबरी बूट हवेत, कारण तळाशी प्रवाळाचे तुकडे आणि काटेरी सागरी अर्चिन असतात. किनाऱ्याला लागून सुरूच्या झाडांची रांग आहे, तिथे ‘फिलाओ’ म्हणतात. रविवारी स्थानिक कुटुंबे भांडी, चटया आणि आजी-आजोबांसह सावलीत दिवसभर बसतात. आमच्यासारख्यांसाठी राखीव असा तो किनारा नाही, आणि मला तेच आवडले. रस्त्यावर ‘धोल पुरी’ मिळते, मटारासारख्या डाळीचे पुरण भरलेली पातळ पोळी. शाकाहारी माणसाचे तिच्यावर आठ दिवस सहज निघतात.

तिथे मराठी भाषकांचा समाज आहे. १८३४ पासून गिरमिटिया मजूर म्हणून आणलेल्या भारतीयांत मुंबई बंदरातून गेलेले आपले लोकही होते. ते जिथे उतरले तो पोर्ट लुईचा आप्रवासी घाट २००६ पासून जागतिक वारसा आहे, आणि गणेश चतुर्थीला त्या देशात सार्वजनिक सुट्टी असते. दिवाळीलाही असते, त्यामुळे काकूंना सण चुकल्यासारखे वाटणार नाही. पण याच कारणाने एक गोष्ट सांगायला हवी. परदेशात आपण मराठीत बोललो की कोणाला कळत नाही, अशी जी सवय असते ती तिथे सोडावी लागते. आमच्या टॅक्सीचालकांचे आडनाव कोकणातले निघाले. ते घरी क्रिओल ही तिथली बोली बोलत होते, पण मराठी समजत होते. आम्ही एकमेकींच्या कोण, असे त्यांनी सहज विचारले. मी जोडीदार असे सांगितले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. नंतर उसाच्या शेतांबद्दल सांगू लागले, आणि पुढचे तीन दिवस तेच आम्हाला घेऊन फिरले. त्यांना पटले असेल का, हे मी सांगू शकत नाही. मात्र वागण्यात फरक पडला नाही.

हॉटेल निवडताना आम्ही चार ठिकाणी ई-मेल पाठवला होता. त्यात आम्ही दोघी स्त्रिया असून जोडपे आहोत, एक मोठा पलंग हवा आहे आणि आपल्या कर्मचाऱ्यांना हे आधी कळवून ठेवावे, असे तीन वाक्यांत लिहिले. दोघांनी फक्त दरपत्रक पाठवले. एकाने सर्व पाहुण्यांचे स्वागत आहे, असे साचेबद्ध उत्तर दिले. चौथ्याने आम्हा दोघींची नावे घालून, पलंगाचा उल्लेख करून, शाकाहारी न्याहारीबद्दल विचारणा केली. आम्ही तिथे राहिलो. उत्तरात तुमच्या प्रश्नाला हात घातला आहे की नाही, हे पाहावे. समलिंगी समाजाचे इंद्रधनुष्याचे चिन्ह कुठेही छापता येते.

सहल_नियोजक_कॉलेजरोड

वरील प्रतिसादाला एक जोड देतो, कारण यात चूक झालेली मी पाहिली आहे. तुमच्यापैकी कोणी आजारी पडले तर रुग्णालय नातेवाइकाची सही मागेल. काकू तुमच्या जोडीदाराच्या आई आहेत, त्यामुळे त्या दोघी एकमेकींसाठी सही करू शकतील. तुमच्यासाठी मात्र सोबत कायद्याने नातेवाईक असे कोणीच नसेल. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता देण्यास नकार दिला आणि मॉरिशसमध्येही ती नाही. म्हणून निघण्यापूर्वी वैद्यकीय निर्णयांचा अधिकार एकमेकींना देणारे पत्र वकिलाकडून इंग्रजीत करून नोटरी करून घ्यावे आणि त्याची प्रत तिघींच्या पिशव्यांत ठेवावी. प्रवास विम्याच्या अर्जात नामनिर्देशित व्यक्ती म्हणून जोडीदाराचे नाव चालेल का, हे विमा कंपनीकडून लेखी विचारावे. बँकेच्या संयुक्त खात्याला आणि त्यातील नामनिर्देशनाला काही अडचण नसल्याचे केंद्रीय अर्थ मंत्रालयाने २८ ऑगस्ट २०२४ रोजी स्पष्ट केले आहे. विम्यासाठी मात्र वेगळे विचारलेले बरे.

इंदिरानगरकर

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री जेवणानंतर मी हे सगळे प्रतिसाद काकूंना वाचून दाखवले. थायलंडच्या कायद्याबद्दल ऐकून त्यांनी तिथे लग्न होते का, असे विचारले आणि पुढे काही बोलल्या नाहीत. मॉरिशसमधील सुरूची झाडे आणि दिवाळीची सुट्टी त्यांना पसंत पडली आहे. वाटसरूंनी लिहिलेल्या न्यायमूर्तींच्या वाक्याशी मी थांबले, तेव्हा त्यांनी ते पुन्हा वाचायला सांगितले.

आम्ही मॉरिशस ठरवत आहोत. काकूंचा पासपोर्ट नाही, म्हणून नाशिकच्या पासपोर्ट सेवा केंद्रातील पुढच्या गुरुवारची वेळ घेतली आहे. तो वेळेत आला नाही तर मंगला एक्स्प्रेसने पाळोळे, असे मनाशी ठरवून त्या आरक्षणाची तारीखही लिहून ठेवली आहे. ई-मेलचा मसुदा माझ्या जोडीदाराने केला आहे. त्यात तिने ‘दोन जोडीदार आणि त्यांची आई’ असे लिहिले. मी ‘त्यांची’ या शब्दाबद्दल काकूंना विचारले, तर तो तसाच राहू द्यावा, असे त्यांनी सांगितले.

गंगापूररोडच्या ताईंना दोन प्रश्न आहेत. काकूंच्या गुडघ्यामुळे त्यांना वाळूत लांबवर चालता येत नाही. फ्लिक-आं-फ्लाकला हॉटेलपासून पाण्यापर्यंत किती अंतर होते, आणि सुरूच्या सावलीत बसायला खुर्च्या मिळतात की आपल्याला काही सोबत न्यावे लागेल?

गंगापूररोडवरून

आमच्या हॉटेलपासून रस्ता ओलांडला की झाडे आणि झाडांपासून शंभर-एक पावलांवर पाणी होते. सार्वजनिक भागात खुर्च्या नव्हत्या, लोक स्वतःच्या आणतात. आम्ही तिथल्या दुकानातून एक घडीची खुर्ची विकत घेतली आणि परत येताना सोबत आणली. ती आमच्या गच्चीत पडून आहे. निघण्यापूर्वी घेऊन जा.